पऱ्हाटीच्या तासातून चालताना

ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातल्या कुठल्याही कपाशीच्या वावरात फवारणी करणाऱ्या माणसाकडे थोडा वेळ पाहत राहावं. पाठीवर भरलेला पंप, पंधरा-सोळा किलोंचा. डाव्या हातानं दांडा मारायचा, उजव्या हातातल्या नळीनं पानांच्या खालच्या बाजूपर्यंत औषध पोचवायचं. पऱ्हाटी छातीला लागलेली, त्यामुळे पाय कुठं पडतोय ते दिसत नाही. खाली पाऊस पिऊन बसलेली काळी माती. पावलागणिक तळव्याखाली चिखलाचा थर चढतो आणि दोन पायांचं वजन सारखं राहत नाही. पंपातलं पाणी हिंदकळतं, कमी होत जातं, म्हणजे पाठीवरचा भारही सतत बदलतो. एवढं सगळं चालू असताना तो तासाच्या टोकाला धुऱ्यापाशी वळतो, परत येतो आणि शेजारच्या तासातल्या सोबत्याशी सोयाबीनच्या भावाबद्दल बोलतो. चालण्याकडे त्याचं लक्षच नसतं.

लक्ष नसतं म्हणूनच ते जमतं. चालताना आपला प्रत्येक पाय साधारण साठ टक्के वेळ जमिनीवर असतो आणि चाळीस टक्के वेळ हवेत. अधूनमधून क्षणभर दोन्ही पाय टेकलेले असतात; बाकी सगळा वेळ शरीराचा भार एका पायावर तोललेला असतो. हवेतून पुढं येणाऱ्या पायाचा अंगठा जमिनीपासून जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर वरून जातो. निरोगी माणूस मिनिटाला शंभर ते एकशेवीस पावलं टाकतो आणि दर वेळी अंगठा एवढ्याशा अंतरातून सुखरूप निघतो. नडगीच्या पुढच्या बाजूचा एक लांबट स्नायू त्या क्षणी पाऊल उचलून धरतो म्हणून हे होतं. तो स्नायू ढिला पडला की सपाट फरशीवरही माणूस अडखळतो. या स्नायूकडे आपण पुन्हा येणार आहोत.

पण पाय आलटून पालटून टाकायचा हा ठेका मुळात येतो कुठून? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समज असा होता की एका पायाची हालचाल झाली की तिची संवेदना वर जाते आणि त्या संवेदनेमुळे पुढची हालचाल होते. १९११ मध्ये थॉमस ग्रॅहम ब्राउन या शास्त्रज्ञानं मांजरांवर प्रयोग केले. मज्जारज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडला, पायांकडून येणाऱ्या संवेदनांचे तंतूही कापले. तरीही मागच्या पायांचे स्नायू आळीपाळीनं आकसत राहिले. वरून हुकूम नाही, खालून बातमी नाही, तरी ठेका चालूच. म्हणजे तो मज्जारज्जूतच, कमरेच्या थोडा वर असलेल्या चेतापेशींच्या जाळ्यात तयार होतो. ब्राउनच्या या निष्कर्षाकडे पुढची कित्येक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

हे जाळं आपण जन्मतःच घेऊन येतो. नवजात बाळाला काखांत धरून त्याचे तळवे टेकवले तर ते पावलं टाकल्यासारखे पाय हलवतं. दोन-एक महिन्यांत ते बंद होतं आणि घरच्यांना वाटतं, बाळ विसरलं. एस्थर थेलन या अमेरिकन संशोधिकेनं १९८० च्या दशकात अशा बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरून पाहिलं, तर पावलं पुन्हा दिसू लागली. बाळ काही विसरलेलं नव्हतं. या काळात पायांवर चरबी चढते आणि ताकद तेवढ्या वेगानं वाढत नाही, म्हणून जड झालेले पाय उचलत नव्हते. पाण्यानं भार घेतल्यावर ते उचलले.

मात्र ठेका असणं आणि निघणं यांत फरक आहे. मॉस्कोत १९६६ मध्ये शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्हस्की या तिघांनी मांजराच्या मेंदूचा वरचा भाग वेगळा करून मस्तिष्कस्तंभातल्या एका छोट्या जागेला सौम्य विद्युतप्रवाह दिला. फिरत्या पट्ट्यावर धरलेलं मांजर चालू लागलं. प्रवाह वाढवला तसं दुडक्या चालीनं निघालं, आणखी वाढवल्यावर चौखूर धावलं. पायांचा तपशील वरून कुणी सांगत नव्हतं. वरून येत होतं ते फक्त ‘नीघ’ आणि ‘जोरात’. पुसदच्या बाजारातून रात्री परतणाऱ्या बंडीचं असंच असे: धुरकरी पेंगला तरी ओळखीच्या वाटेवर बैल गाडी घरी आणत, पण कासरा हलवून निघायचं, नाल्याच्या उतारावर आवरायचं आणि नव्या वाटेला वळायचं तर धुरकऱ्यालाच जागं व्हावं लागे.

माणसाच्या बाबतीत धुरकऱ्यावरचा भार मांजरापेक्षा पुष्कळ जास्त आहे, कारण आपण दोन पायांवर उभे आहोत. मोठ्या मेंदूचा पुढचा भाग कुठं जायचं ते ठरवतो. मेंदूच्या तळाशी खोलवर असलेल्या चेतापेशींच्या गाठी, ज्यांना बेसल गँग्लिया म्हणतात, त्या सवयीची हालचाल सुरू करून देतात आणि पावलाची लांबी राखतात. लहान मेंदू ठरवलेलं पाऊल आणि प्रत्यक्ष पडलेलं पाऊल यांतला फरक सतत काढतो आणि पुढचं पाऊल सुधारतो. तोल सांभाळायला बातम्या तीन ठिकाणांहून येतात: डोळे, आतला कान आणि पायांचे सांधे-स्नायू. छातीएवढ्या पऱ्हाटीतून चालणाऱ्याला पाय दिसत नाहीत, तेव्हा तिसऱ्या बातमीवर सगळी भिस्त असते. घोटा चिखलात किती वाकला, टाच कुठं टेकली, हे मज्जारज्जूच्या मागच्या बाजूनं वर जाणाऱ्या तंतूंतून क्षणाक्षणाला कळत राहतं.

वय वाढतं तसा यातला आपोआप होणारा भाग कमी होतो आणि मोठ्या मेंदूला जातीनं लक्ष घालावं लागतं. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धाश्रमात एक अगदी साधी गोष्ट तपासली: चालता चालता बोलायला लावलं तर कोण थांबतं? बोलण्यासाठी थांबणाऱ्या वृद्धांपैकी बहुतेक जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. घरातले आजोबा अंगणातून येताना उत्तर द्यायला उभे राहत असतील, तर त्यांना चालता चालता काही विचारू नये. आणि त्यांच्या वाटेतली सैल सतरंजी आजच उचलावी.

मज्जासंस्थेचे हे मजले वेगवेगळे आहेत म्हणूनच बिघडलेली चाल पाहून बिघाड कुठल्या मजल्यावर आहे याचा अंदाज बांधता येतो. लंडनचा डॉक्टर जेम्स पार्किन्सन यानं १८१७ मध्ये ज्या आजाराचं वर्णन केलं, त्याला पुढं त्याचंच नाव मिळालं. त्याच्या निबंधात सहा रुग्ण आहेत. त्यांतले दोघं त्याला रस्त्यात भेटले होते आणि एकाला तर त्यानं नुसतं लांबून पाहिलं होतं. दोनशे वर्षांत एमआरआय आलं, रक्ताच्या शेकडो तपासण्या आल्या, तरी चाल पाहण्याचं मोल मला तसूभरही कमी झालेलं वाटत नाही. उलट जिथं एमआरआय सहज मिळत नाही तिथं ते जास्तच आहे.

आता नडगीच्या त्या स्नायूकडे. त्याला आज्ञा देणारी नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या अगदी कडेवरून, जवळजवळ कातडीखालूनच वळते. बोट फिरवलं तर तिची जागा हाताला लागते. तासन्‌तास उकिडवं बसून निंदण करणाऱ्या बायांची ही नस दबू शकते. संध्याकाळी उठताना पायाला मुंग्या, आणि चालायला लागलं की पाऊल लोंबतं. चप्पल पायातून निसटते. मग अडखळू नये म्हणून गुडघा नेहमीपेक्षा उंच उचलावा लागतो आणि पाऊल फटकन जमिनीवर आपटतं. हे एकाच पायाला झालं असेल तर घाबरून जाऊ नये. बसण्याची पद्धत बदलली, पाय मोकळा ठेवला तर बहुतेकदा काही आठवड्यांत ते भरून येतं. पण दोन्ही पाय एकदम लोंबू लागले तर प्रकरण निराळं असतं, आणि यवतमाळ जिल्ह्यात त्याचा विचार विशेष गांभीर्यानं करायला हवा.

२०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. कपाशी उंच वाढलेली, औषधांची मिश्रणं तीव्र, अंगावर धड कपडेही नाहीत. त्या मृत्यूंची देशभर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण विषबाधेतून वाचून घरी परतलेल्या माणसाच्या पायांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

ऑर्गनोफॉस्फेट गटातली काही कीटकनाशकं, सगळी नव्हेत, दोन टप्प्यांत घात करू शकतात. पहिला टप्पा सगळ्यांना ठाऊक आहे: घाम, लाळ, उलट्या, बाहुल्या बारीक, श्वास घुसमटणं. यातून माणूस वाचतो, सलाईन निघतं, सुट्टी होते. मग एक ते चार आठवड्यांनी पोटऱ्यांत गोळे येतात, तळव्यांना मुंग्या येतात आणि दोन्ही पावलं लोंबायला लागतात. कधी हातांची बोटंही लुळी पडतात. कारण विषानं नसांच्या आतल्या एका विकरावर घाला घातलेला असतो आणि पेशीपासून सगळ्यात लांब गेलेली टोकं आधी झिजतात. सगळ्यात लांब नसा पायांच्या, म्हणून पाय आधी. पुढं काही महिन्यांत या नसा बऱ्याच सुधारतात. आणि तेव्हाच, मज्जारज्जूलाही इजा झालेली असेल तर ती उघडी पडते: पाय आता लुळे नसतात, ताठ असतात.

हे जगानं मोठी किंमत मोजून शिकलेलं आहे. १९३० मध्ये अमेरिकेत आल्याच्या अर्कात याच कुळातलं एक रसायन मिसळलं गेलं आणि हजारो गरीब माणसं कायमची पाय आपटत चालू लागली. १९५९ मध्ये मोरोक्कोत खाद्यतेलात यंत्राचं तेल मिसळून विकलं गेलं, सुमारे दहा हजारांना बाधा झाली. १९८८ मध्ये कोलकात्याच्या बेहालात भेसळीच्या मोहरीच्या तेलानं शेकडो जणांचे पाय गेले. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: फवारणीच्या विषबाधेनंतर रुग्णाला घरी सोडताना तिसऱ्या आठवड्यात पुन्हा बोलावलंच पाहिजे, आणि त्या दिवशी त्याला टाचांवर चालायला लावलं पाहिजे. याला यंत्र लागत नाही. पाऊल लोंबू लागलेल्याला टाचांवर चालता येत नाही.

विदर्भाच्या पूर्वेला, धानाच्या पट्ट्यात, पायांचा आणखी एक जुना वैरी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे धान निघाल्यावर उरलेल्या ओलीवर लाखोळी पेरतात. पाणी नसलं तरी येणारं हे पीक आहे. इतर पिकं बुडाली की तेच ताटात उरतं, आणि महिनोन्‌महिने मुख्य अन्न तेच झालं की काहींचे पाय आखडतात. इंग्रज अधिकारी स्लीमन यानं मध्य भारतातली अशीच हकिगत लिहून ठेवली आहे: १८२९ पासून लागोपाठ तीन वर्षं गारपीट, अवर्षण आणि तांबेरा, लोक याच दाण्यावर जगले, आणि पुढं तरण्याताठ्या माणसांचे कमरेखालचे अवयव निकामी होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातल्या वापनियार्का छावणीत ज्यू कैद्यांना हीच डाळ खाऊ घालण्यात आली आणि तिथंही तेच झालं. कैद्यांमधल्याच आर्थर केसलर या डॉक्टरनं कारण ओळखलं.

या आजारात बिघाड मोठ्या मेंदूकडून पायांकडे आज्ञा नेणाऱ्या तंतूंत असतो. स्पर्श शाबूत, बुद्धी शाबूत, हात बहुतेक शाबूत. फक्त पाय ताठ, गुडघे एकमेकांना घासतात, टाचा टेकत नाहीत, चवड्यांवर चालत पाय एकमेकांपुढं कात्रीसारखे येतात. वैद्यकात याच्या पायऱ्या काठीवरूनच मोजतात: काठीविना, एका काठीवर, दोन काठ्यांवर, आणि शेवटी हातांवर सरपटत. दाण्यातलं विष १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच वेगळं केलं. १९६१ मध्ये आलेली विक्रीबंदी महाराष्ट्रानं २००८ मध्ये उठवली, नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले होते. रोजच्या मिश्र जेवणात थोडी लाखोळी खाणाऱ्यानं धास्तावण्याचं कारण नाही. डाळ भिजवून ते पाणी फेकलं तर विष आणखी कमी होतं. धोका आहे तो ताटात दुसरं काहीच उरत नाही तेव्हा. या आजाराचं मूळ दाण्यापेक्षा दारिद्र्यात जास्त आहे.

पुसदसारख्या गावात याहून कितीतरी जास्त वेळा दिसू शकणारा आणि वेळेत सापडला तर बरा होणारा बिघाड बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या पुरुषांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी होतं. शाकाहार हे एक कारण. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे आणि रोज ॲसिडिटीची गोळी खाणारे यांचाही धोका वाढतो. या अभावात मज्जारज्जूच्या मागच्या बाजूचे, सांध्यांची बातमी वर नेणारे तंतू खराब होतात. तीन बातम्यांपैकी एक बंद पडते. डोळे उघडे आहेत तोवर निभावतं. सकाळी मोरीत तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की झोक जातो. रात्री वीज गेली की भिंत धरावी लागते. चप्पल पायात आहे की नाही ते खाली पाहिल्याशिवाय कळत नाही. ही तक्रार ऐकली की ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. रक्ताची तपासणी करावी, इंजेक्शनं सुरू करावीत. काही महिन्यांच्या आत सुरुवात झाली तर चाल बरीचशी परत येते. फार उशीर झाला तर येत नाही.

पार्किन्सनच्या आजारात बेसल गँग्लियाला डोपामीन पुरवणाऱ्या पेशी मरत जातात. पहिली खूण बहुधा पायात नसतेच: चालताना एका बाजूचा हात हलायचा थांबतो. मग पावलं तोकडी होतात, खांदे पुढं झुकतात आणि दाराच्या उंबरठ्याशी आल्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझाइनरनं २०१५ च्या एका भाषणात आपल्या काकांची गोष्ट सांगितली. सपाट जमिनीवर त्यांना वॉकर लागायचा, आणि जिना मात्र ते सहज उतरायचे. मिलेहानं घरातल्या जमिनीवर जिन्याचा आभास होईल असं चित्र अंथरलं आणि काका त्यावरून सरळ चालत गेले. यात चमत्कार नाही. सवयीनं पाऊल काढून देणारा आतला मार्ग बिघडला तरी डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणेवर पाऊल टाकण्याचा मार्ग वेगळा आहे आणि तो शाबूत असतो. उंबरठ्यापाशी फरशीवर रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे मारून हाच उपाय कुणालाही करून पाहता येतो.

या आजारावरचं मुख्य औषध, लेव्होडोपा, आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांत आहे. दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ मध्ये त्या बियांतून वेगळं केलं, आणि मुंबईत डॉ. अशोक वैद्य यांच्या गटानं १९७८ मध्ये त्या बियांच्या चूर्णानं रुग्णांवर केलेल्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण म्हणून रानातून बिया आणून घरी कुटून देऊ नयेत. बीगणिक मात्रा बदलते आणि चालू गोळ्यांत तिची भर पडली तर माणूस भ्रमिष्टही होऊ शकतो.

पाय जमिनीवरून उचलत नाहीत, घासत चालणं सुरू झालंय, सोबत लघवी आवरत नाही आणि विसरायला होतं, अशी तिन्ही लक्षणं एकत्र आली तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठल्याची शंका घ्यावी. हकीम आणि ॲडम्स यांनी १९६५ मध्ये याचं वर्णन केलं. नळी घालून ते पाणी वळवता येतं आणि कित्येकांची चाल सुधारते. अशा माणसाला ‘म्हातारचळ’ म्हणून घराच्या कोपऱ्यात बसवून ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

अर्धांगवायूची चाल सगळ्यांनी पाहिलेली असते: हात कोपरात दुमडून छातीशी, पाय ताठ, बाहेरून अर्धगोल फिरवत पुढं आणलेला. तिथं चालीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि पुसदहून नागपूर गाठण्यातच ती मुदत जवळजवळ संपते. तेव्हा तोंड वाकडं झालं, एक बाजू ढिली पडली, बोबडी वळली, तर मालिश करत, वाट पाहत घरी थांबू नका. जवळात जवळ सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन कुठं मिळतं ते आजच विचारून ठेवा आणि तो नंबर भिंतीवर लिहा.

आणि चालीची तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेलात तर खुर्चीवर बसण्याआधी एक विनंती करा: मला दहा पावलं चालताना बघा, वळताना बघा, टाचांवर चालताना बघा, आणि पाय जुळवून डोळे मिटून उभं केल्यावर मी कसा डुलतो तेही बघा. दोन मिनिटं लागतात. घरी मोबाइलवर काढलेला चालण्याचा व्हिडिओ असेल तर तोही दाखवा.